नव्वद पितळी बिल्ले

जयवंताबाईनं ते भांडण ऐकलं तेव्हा तिचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते. साल पंचावन्न, आखाडाचे दिवस. चांदूर रेल्वेला दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीतलं बोलणं आत ऐकायला कान लावावा लागत नसे, ऐकायचं नसलं तर मात्र भांडी आपटावी लागत. त्या दिवशी तिनं भांडी आपटली नाहीत.

भांडणारे दोघं. एक तिचा नवरा चंद्रभान, दुसरा त्याचा दोस्त गोवर्धन. दोघंही फिरते एजंट. चंद्रभान नागपूरच्या एका कारखान्याच्या शाईच्या गोळ्या आणि पाट्या विकायचा, गोवर्धन केसांना लावायचं तेल. एकाची बोटं कायम निळी, दुसऱ्याचं डोकं कायम चकचकीत. अकोला, तेल्हारा, अमरावती, अंजनगाव असा दोघांचा फेरा, आणि मुक्काम लॉजात. भांडण लॉजावरूनच पेटलं होतं.

"अबे, पितळ हाये पितळ!" चंद्रभान काहीतरी खणखण वाजवत म्हणाला. "अकोल्याच्या नत्थुजीनं नवीन काढलं. एका मुक्कामाले एक बिल्ला. बारा बिल्ले झाले का एक रात खाट फुकट, वरून दोन टाइमचं ताट."

"अन् अमरावतीच्या देवरावचं कार्ड काय वाईट हाये?" गोवर्धन म्हणाला. "आठच मुक्काम, आठ ठसे, नववी रात फुकट. तुहे बारा, माहे आठ. शाळेत गेलता का नाई?"

"तुह्या कार्डावर जेवण कुठं हाये? अन् दिवाई झाली का कार्ड रद्द. भिजलं तं रद्द. उंदरानं खाल्लं तं रद्द."

"अन् तुहा बिल्ला काय वावरात पेरतं? झाड येते त्याचं?"

"तू तेल इक, लेका. हिशेब तुह्या डोक्यावरून घसरते."

जयवंताबाई आत हसली. मग गोवर्धनाचा आवाज चढला. "आयक माहं, अमरावतीचंच घे. उद्या वहिनीले संग न्यायचं म्हनशीन तं..."

"हळू बोल!" चंद्रभान एकदम म्हणाला.

आणि निखाऱ्यावर पाणी ओतल्यासारखं भांडण विझलं. आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नुकताच डोळा लागला होता. त्यांची झोप मोडू नये म्हणून नवरा हळू बोल म्हणाला, असं जयवंताबाईला वाटलं. आईची किती काळजी करतात, असंही वाटलं. माणसाला चांगलं वाटून घ्यायचं असलं की कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

गोवर्धन गेल्यावर चंद्रभान आत आला आणि तिच्या पिठाच्या हातावर त्यानं तो बिल्ला ठेवला. रुपयाएवढा गोल, मधे भोक, भोकाच्या वर आकडा ठोकलेला.

"मले नेसान?" तिनं विचारलं.

"हो नं," चंद्रभान म्हणाला आणि पाणी प्यायला माठाकडे वळला.

आता लॉज म्हणजे काय मोठं सोन्याचं मंदिर होतं, असं कोणी म्हणेल. पण जयवंताबाईला लॉज नको होता, खाटही नको होती. तिला हवा होता तिथला वाढपी. चंद्रभान फेऱ्याहून आला की दाढी करता करता नत्थुजीकडच्या जेवणाचं सांगायचा. लांब ओळीनं पाट मांडलेले, समोर ताटं, आणि वाढपी गरम पोळ्यांची चवड घेऊन पंगतीतून फिरतो. प्रत्येकापुढे वाकतो आणि विचारतो, "आणखी?"

"किती डाव इचारते?" जयवंताबाई विचारायची.

"आपण नाई म्हनेपर्यंत."

"अन् नाई म्हनल्यावर?"

"तरी एक टाकतेच."

हे ती दर फेऱ्याला नव्यानं विचारायची आणि तो नव्यानं सांगायचा. तेल्हाऱ्याला माहेरी पाच भाऊ. त्यांना वाढता वाढता ती मोठी झाली. सासरी आत्याबाई, नवरा, पुतण्या उद्धव, आले-गेले. सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीपुढे बसायची, भाजीच्या गंजात खरवडून जे निघेल ते ताटात घ्यायची. उपाशी कधी राहिली नाही, खोटं कशाला बोला. पण तीस वर्षांच्या वयापर्यंत तिला 'आणखी?' म्हणून कोणी विचारलं नव्हतं. आपण पाटावर मांडी घालून बसावं, कोणीतरी वाकून विचारावं, आपण जरा थांबून, विचार केल्यासारखं करून, "टाका एक" म्हणावं. बस, एवढंच. तीन दिवस. एक दिवस लाजण्यात जाईल, दुसरा सवय होण्यात, तिसऱ्या दिवशी नीट जेवता येईल, असा तिचा हिशेब होता.

हिशेबात ती कच्ची नव्हती. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण तुरीचे दाणे समोर असले की ती कोणत्याही मास्तरला उभं करायची. त्याच आठवड्यात तिनं आत्याबाईंच्या देखत दाणे मांडले. नत्थुजीकडे खाट एक रुपया, ताट दहा आणे, दोन ताटं सव्वा रुपया. म्हणजे बारा बिल्ल्यांवर छत्तीस आण्यांचा माल. छत्तीस दाणे बारा ठिकाणी वाटले, एकेका बिल्ल्याला तीन तीन आले. देवरावकडे खोली सव्वा रुपया, म्हणजे वीस आणे. वीस दाणे आठ ठिकाणी वाटले, दोन दोन आले आणि चार उरले. अडीच.

"अकोला अर्ध्या आण्यानं वर हाये," ती म्हणाली.

"माही बायको वकील पायजे होती," चंद्रभान म्हणाला. खूश दिसला. खूप खूश.

तिचंच ऐकून मग त्यानं फेरा बदलला. जमेल ते मुक्काम अकोल्याला टाकायचे. अमरावतीचं काम एका दिवसात उरकून संध्याकाळच्या गाडीनं बडनेऱ्यावरून घरी. म्हणजे बिल्ले वाढले, आणि जयवंताबाईचा संध्याकाळचा स्वयंपाकही वाढला. पण ते तिनं मनावर घेतलं नाही. कधीमधी अमरावतीला राहावंच लागलं तर देवराव कार्डावर ठसा मारून द्यायचा. दोन ठसे, तीन ठसे, आणि दिवाळी. फुकट गेलेलं कार्ड जयवंताबाई चूल पेटवायला घ्यायची. पुठ्ठा चांगला जळायचा. चंद्रभान तिथंच चहाची वाट पाहत बसलेला असायचा.

बिल्ले ती लाल करदोड्यात ओवून कोनाड्यात टांगायची. माणसं दोन, दिवस तीन, म्हणजे सहा वेळा बारा, बाहत्तर. दर महिन्याला दोन बिल्ले, फारच झालं तर तीन. सत्तावन्न साली उद्धवची मॅट्रिकची परीक्षा आली. सेंटर अकोला. पोराला राहायला जागा पाहिजे म्हणून चोवीस बिल्ले गेले. तिनंच करदोडा सोडून दिला. "शिकला तं आपलाच हाये," म्हणाली. पुढल्या साली आत्याबाईंचा मोतीबिंदू अकोल्याला काढला, तेव्हा बारा गेले. म्हातारी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आली आणि म्हणाली, "मी तं दवाखान्याच्या वऱ्हांड्यातच निजली बापा चार दिस. चंद्रभान लॉजात."

"आत्याबाईले काहून नाई नेलं लॉजात?" जयवंताबाईनं नवऱ्याला विचारलं.

"आईले जिना चढवत नाई."

तिनं मान डोलावली. जिना तिनं पाहिला नव्हता.

एकोणसाठ साली करदोड्यावर साठ बिल्ले झाले, आणि नत्थुजीनं बाराचे पंधरा केले. गव्हाचा भाव वाढला म्हणे. एका रात्रीत बाहत्तराचे नव्वद झाले. जयवंताबाई पहिल्यांदा चिडली. तोवर आणे जाऊन नवे पैसे आले होते, पण तिचे दाणे जुन्याच चलनात चालायचे. छत्तीस दाणे, आता पंधरा ठिकाणी. दोन दोन वाटले, सहा उरले. पंधरा जणांत सहा, म्हणजे अर्धासुद्धा वाट्याला येत नाही. अमरावतीचं मात्र अडीचचं अडीच.

"आता देवराव वर गेला," ती म्हणाली. "थोडाच, पण वर. आता अमरावती धरा."

चंद्रभाननं दाण्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "येडी हायेस काय? साठ जमले. ते टाकून पुन्हा पहिल्यापासून? पुठ्ठ्याले वाळवी लागते, जयवंता. पितळ ते पितळ."

तिला ते पटलं. साठ बिल्ल्यांचं वजन हातात घेऊन पाहिलं की कोणालाही पटलं असतं.

साठ साली दिवाळीत नव्वद भरले. तिनं करदोड्याला गाठ मारली आणि विचारलं, "कवा जायचं?" तर थंडी फार आहे. मग संक्रांत झाली. मग मालाचा तोटा. मग "नत्थुजीकडं रंगकाम चालू हाये." रंगकाम दोन महिने चाललं. एवढा रंग तर इंदूरच्या राजवाड्याला लागला नसेल.

फाल्गुनात तिच्या चुलत बहिणीच्या, जाईबाईच्या, लेकीचं लग्न अकोल्यात निघालं. चंद्रभान अंजनगावच्या फेऱ्यावर होता. जयवंताबाई माहेरच्या माणसांबरोबर गेली, आणि जाताना नव्वद बिल्ल्यांची माळ लुगड्याच्या घडीत घालून घेतली. भांडायला नाही. तारीख पक्की करून यावी, रंग वाळला की नाही तेही पाहावं, आणि नवऱ्याला घरी गेल्यावर चकित करावं, एवढंच मनात होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ती विचारत विचारत टेशनाजवळच्या लॉजात पोचली. दोन मजली इमारत. रंग जुनाच होता, पोपडे निघालेले. जिना बाहेरच होता. सात पायऱ्या. तिनं मोजल्या. आत्याबाई टेकडीवरच्या देवीला दर मंगळवारी याहून जास्त चढायच्या.

दाराशी पाटी होती. जयवंताबाई अक्षर अक्षर लावून वाचायची, म्हणून पाटी संपायला वेळ लागला. 'फक्त पुरुषांसाठी. येथे बायका व कुटुंब यांना उतरण्याची व जेवण्याची सोय नाही.' पाटीचा पत्रा गंजलेला होता. नवी नव्हती.

गल्ल्यावर पान खात बसलेले नत्थुजी उठून उभे राहिले. बाई माणूस दाराशी म्हटल्यावर त्यांना वाटलं, कोणाचं तरी काही बरंवाईट झालं.

"मी शाईच्या एजंटच्या घरची," ती म्हणाली. "चांदूरची."

"अरे, वहिनी! बसा, बसा. एजंटसाहेबाची तब्येत?"

"तब्येत चांगली हाये." तिनं माळ काढून गल्ल्यावर ठेवली. "नव्वद हायेत. मोजून घ्या. आमाले दोघायले तीन रोज राहायचं होतं."

नत्थुजीनं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. माळेकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, तोंड चुकवायला त्याला जागा सापडेना.

"वहिनी, त्यायनं तुमाले सांगतलं नाई? ज्या दिवशी मी पयला बिल्ला देल्ला, त्याच दिवशी त्यायनं इचारलं होतं. मिसेसले आणलं तं चालते काय? मी म्हनलं, नाई बापा, इथं सारे एकटे माणसं उतरतेत, बायामाणसाची सोय नाई. सहा वर्सं झाली असतीन."

"पयल्याच दिवशी," जयवंताबाई म्हणाली.

"पयल्याच. मी तं म्हनलं होतं, बायकोले न्यायचं असन तं अमरावतीले देवरावकडं राहत जा. त्याच्याकडं फॅमिलीच्या दोन खोल्या हायेत, बायायची पंगत बी अलग बसते. कार्डावर बी चालते. ते म्हनले, मले इथलंच बरं वाटते. इथं जेवण चांगलं, पत्त्याचा डाव जमते, दोस्त हायेत." आणि आपण जरा जास्तच बोललो हे कळून नत्थुजी घाईनं म्हणाले, "पर तुमी अशा उपाशी नका जाऊ. मागच्या दारानं स्वयंपाकघरात बसा. महाराजाले सांगतो, गरम वाढून देईन."

आतून पोळ्यांचा वास येत होता. कोणाला तरी कोणीतरी विचारत होतं, "आणखी?"

"नाई," जयवंताबाई म्हणाली. "स्वयंपाकघर माहं पाहेल हाये."

माळ उचलून ती सात पायऱ्या उतरली. केसानं गळा कापणं असं लोक म्हणतात. सुरीनं कापला असता तर निदान रक्त तरी दिसलं असतं, चार माणसं धावली असती. परतीच्या गाडीत तिला सारखं तेच आठवत होतं. बिल्ले नाही, चुलीतली कार्डं. देवरावचे ठसे जांभळे होते, जळताना आधी कडा काळ्या व्हायच्या आणि ठसा सगळ्यात शेवटी जायचा. ती फुंकणीनं फुंकायची. मागे पाटावर चंद्रभान. आणि ते 'हळू बोल'. सहा वर्षांपूर्वीचं 'हळू बोल' तिला मूर्तिजापूरच्या आसपास कळलं. सासूबाईंच्या झोपेसाठी नव्हतं ते. तिच्या कानासाठी होतं.

दोन दिवसांनी चंद्रभान आला. तिनं पाणी दिलं, चहा दिला. मग माळ त्याच्यापुढे ठेवली.

"मी नत्थुजीकडं जाऊन आली."

चंद्रभाननं कप खाली ठेवला.

"सांगनारच होतो," तो म्हणाला.

"कवा? शंभर झाल्यावर?"

"तू दाणे मांडून बसायचीस. एवढी खूश दिसायचीस. म्या म्हनलं..."

"मी मांडले ते दाणे माहे. चूक निघाली असती तं माही. पर एकोणसाठ साली दाण्यायनं देवराव वर दाखोला, तवा पितळ ते पितळ कोण म्हनलं?"

चंद्रभाननं माळ एका बाजूला सरकवली.

"मी कार्डं चुलीत घालून राहिली होती, अन् तुमी मांगं बसून पाहून राहिले होते. एक डाव तरी म्हनाव, जयवंता, ठेव."

"म्हननार होतो..."

"तुमी म्हनलं, चहा टाक."

आतून आत्याबाई ओरडल्या, "काय झालं व?" "काही नाई, आत्याबाई," जयवंताबाई म्हणाली. "रंगकाम झालं अकोल्याचं."

पुढच्या महिन्यात चंद्रभान म्हणाला, चाल, अमरावतीला नेतो, नगदी पैसे भरून, देवरावकडं, तीन नाही चार दिवस. ती म्हणाली, "आता नाई." त्यानं दिवाळीत पुन्हा विचारलं. "सहा वर्सं भूक धरून ठेवली होती. धरून धरून मेली ती. मेलेल्या भुकेले कोणी ताट वाढते काय?" हे ती रागानं म्हणाली नाही. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. मग त्यानं विचारणं सोडलं. तेही तिच्या ध्यानात राहिलं, की माणसानं दोनदाच विचारलं. वाढपीसुद्धा नाही म्हणेपर्यंत विचारतो, आणि वरून एक टाकतो.

बिल्ल्यांचं तिनं एक केलं. उन्हाळ्यात अंगणात वड्या, पापड वाळत घातले की त्यावर ती माळ आडवी टांगायची. वाऱ्यानं खणखण वाजायची, कावळे जवळ येत नसत. गोवर्धन एकदा घरी आला, माळ पाहून दारातच थबकला.

"हे काय, वहिनी?"

"तुमच्या दोस्ताची इस्टेट. वाळवण राखते." आणि मग, चहा गाळता गाळता, "भाऊजी, तुमी तवा खरं बोलत होते. जरा मोठ्यानं बोलले असते तं."

गोवर्धनानं चहा घेतला आणि खाली मान घालून प्यायला. पुन्हा फार येईनासा झाला. त्यालाही माहीत होतं, तेव्हा 'हळू बोल' ऐकून तोही तितकाच हळू झाला होता.

बाकी सगळं चालू राहिलं. उद्धव रेल्वेत चिकटला, लेक झाली, सिंधू, आत्याबाई गेल्या. चंद्रभान सोमवारी सकाळी आधी मालधक्क्यावर जाऊन शाईच्या पेट्या सोडवायचा, आणि जयवंताबाई गाडीच्या वेळेला डबा घेऊन स्टेशनावर जायची. चार पोळ्या, कोरडं बेसन, कांदा, मिरचीचा ठेचा. लग्न झाल्यापासून हा क्रम. अकोल्याहून आल्यावरच्या सोमवारीही तो चुकला नव्हता. शेजारची चतुराबाई म्हणायची, "काय व, एवढं केलं त्यानं, तरी डब्बा नेतंस?" जयवंताबाई म्हणायची, "डब्ब्यानं काय केलं?"

मग पोरं शाळेत फाउंटन पेन घेऊन जायला लागली, मागून बॉलपेन आलं, आणि शाईच्या गोळ्या दुकानात तशाच पडून राहायला लागल्या. अडुसष्ट सालच्या चैत्रात कारखान्याचं पत्र आलं. हा फेरा शेवटचा, उरलेली येणी गोळा करून नमुन्यांची पेटी परत पाठवावी.

त्या सोमवारी जयवंताबाई नेहमीसारखी डबा घेऊन गेली. गाडी दोन मिनिटं थांबायची. चंद्रभान खिडकीशी बसला होता. केस पिकले होते, बोटं निळी ती निळीच. पेटी या खेपेला एकच होती.

"शेवटचा फेरा," तो म्हणाला.

"माहीत हाये."

"अकोल्याले नाई उतरत मी. अमरावतीले जातो, देवरावकडं. कार्ड घेतो." तो तिच्याकडे पाहत नव्हता, डब्याच्या कडीकडे पाहत होता. "एक ठसा तं एक ठसा. तुह्या नावानं."

जयवंताबाईनं डबा खिडकीतून आत दिला.

"देवरावचं लॉज बंद होऊन दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "तिथं आता सायकलीचं दुकान हाये. तुमी तिकडं फिरकलेच नसान. गोवर्धन भाऊजी सांगत होते."

गार्डानं शिटी मारली. चंद्रभाननं डबा मांडीवर घेतला, झाकण जरा उघडून पाहिलं, सवयीनं.

"पाच पोळ्या हायेत," तो म्हणाला.

"असू द्या. अन् डब्बा याद करून वापस आणजा. मांगच्या बारी झाकण इसरले होते."

गाडी हलली. जयवंताबाई फाटकाकडे वळली. जाताना चक्कीवर ज्वारी टाकून आली होती, ती दळून झाली असेल. पीठ उचलून, डोक्यावर घेऊन, सिंधू शाळेतून यायच्या आत घरी पोचायचं होतं.